पा, टा, का

बाबा : माझी… उशी?

आई : नेली तिनं. तुमची उशी, माझी उशी, दोन्ही रजया आणि थंडीचे सगळे कोट. कपाटात कोंबलेत आणि मधोमध स्वतः बसलीय. आपण आज भिंतीला टेकायचं.

बाबा : किती… वेळ?

आई : मला काय विचारता? माझं काम एवढंच, फ्रिजचं बटण बंद करायचं. गुणगुणतो म्हणे. वीस वर्षं गुणगुणतोय बिचारा, कुणाचं काही अडलं नाही. दूध नासणार आज, सांगून ठेवते.

लेक : आई, कपाटाचं दार आहे हे, किल्ल्याचं नाही. सगळं आत ऐकू येतं. आत्ताच्या टेकमध्ये काय आलंय सांगू? 'ढगाला ढुशी देतो, विजेला वेणी घालतो, दूध नासणार आज.'

बाबा : चांगलं… आहे.

लेक : काय चांगलं आहे?

बाबा : दूध. …बाकी… राहू दे.

आई : घे. हे रेकॉर्ड कर.

लेक : तुम्ही दोघं एका बाजूला झालात की माझं काही खरं नाही. येते बाहेर पाच मिनिटं. उकडून निघाले आत. पाणी दे गं.

आई : घाम बघ. गाणं म्हणत होतीस की स्वतःला इस्त्री करून घेत होतीस? आणि मला एक सांग, विजेला वेणी कोण घालतं?

लेक : तो. सिनेमातला. वीज हातात धरतो, उडतो, कोसळणारे पूल खांद्यावर घेतो.

आई : आणि पाठीला पडदा बांधतो.

लेक : झगा म्हणतात त्याला.

आई : पडदाच तो. आपल्या पुढच्या खोलीला होता, अगदी तस्सा लाल. पहिल्या धुण्यात रंग गेला.

लेक : याचाही जातो. म्हणजे ताकद जाते. सिनेमाच्या मध्यावर एकदम सगळं संपतं. उडता येत नाही, काही नाही. चालत घरी येतो आणि सात मजले जिना चढतो. त्या जिन्यासाठी गाणं हवंय त्यांना. दोन मिनिटांचं, रॅप.

आई : लिफ्ट?

लेक : बंद.

आई : असणारच.

लेक : तर मी काय केलंय, चढता चढता त्याला जुने दिवस आठवतात. ढग, वीज, लोकांच्या टाळ्या. म्हणून एवढी बढाई, आणि एवढा वेग. सोळा ओळी, एका दमात. तिथेच मार खातेय. बाराव्या ओळीला छाती हात वर करते.

आई : मग चार ओळी गाळ. कोण मोजायला बसलंय?

लेक : ते बसलेत. तिघांना सांगितलंय त्यांनी, त्यांतली मी तिसरी. ज्याचं आवडेल त्याचं घेणार. आज चार वाजेपर्यंत. आई, आठ वर्षं मी व्यायामशाळांच्या उद्घाटनांना गातेय. लोक मागे वजनं उचलत असतात. 'टकळी' नाव सांगितलं की आधी हसतात, मग ऐकतात. हे लागलं तर आधी ऐकतील.

आई : ते नाव माझ्यावर ढकलू नकोस. तोंडाची टकळी थांबायची नाही तुझी, म्हणून घरात म्हणायचे. पोस्टरवर छाप असं नव्हतं सांगितलं.

लेक : बाबा, सायकलींच्या शर्यतीत माइकवर तुम्ही शेवटची फेरी कशी म्हणायचात? खरं सांगा आज.

आई : ती विचारूच नकोस. बेचाळीस सेकंद. सतरा सायकली, सतरा नावं, कोण कुणाच्या चाकाला चिकटलाय, कुणाची साखळी सुटली, सगळं एका दमात. मैदानावर लोक शर्यत बघायला यायचे की यांना ऐकायला, सांगता यायचं नाही. आणि तिथे माइकवर एवढं सांडून आलं की घरी फक्त 'मीठ दे'.

बाबा : अजून… तेवढंच.

लेक : पण श्वास कुठे घ्यायचात?

बाबा : वळणावर.

लेक : म्हणजे?

बाबा : सायकली… वळतात. लोकांच्या… माना वळतात. तेव्हा… कुणी ऐकत नाही. …चोरायचा.

लेक : आणि हे मला आठ वर्षांत सांगितलं नाही तुम्ही.

बाबा : तू… कुठे… विचारलंस? तू… बोलत होतीस.

आई : बरोबर आहे. मी खाली पाटी घेऊन उभी असायची ना, उरलेल्या फेऱ्यांची. पाच, चार, तीन. मला ऐकू यायचं, वळणावर एक बारीक 'हं'. बाकी कुणाला नाही. आणि शर्यत संपली तरी माइक बंद करायचे नाहीत. पहिला आला, हार झाला, फोटो झाले, लोक उठायला लागले. हे आपले वर बसलेले. शेवटचा गडी लंगडत यायचा, त्याचं नाव घ्यायचं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि मग बटण. आम्ही सगळे खाली ताटकळत. एकदा एक जण पंक्चर सायकल खांद्यावर घेऊन आला, पाऊण तास लागला.

बाबा : आला… पण.

आई : आला. तुम्ही म्हणालात, 'शर्यत आता संपली.' तोवर मलाही घरी जाता आलं नाही.

लेक : आणि तू जी एकदा शर्यत संपवलीच नाहीस, ते सांग ना.

आई : शंभर वेळा ऐकलंयस.

लेक : बाबांना आवडतं.

आई : अगं, नवी होते मी. शेवटची फेरी झाली, पोरं रेघ ओलांडून आली, मी पाटी उलटायचीच विसरले. पाटीवर 'एक' तसाच. ती बिचारी एक फेरी उरली समजून पुन्हा सुटली की. जीभ बाहेर, पाय गेलेले, तरी पळतायत. आणि हे वरून भर मैदानात, 'पाटीवाल्या बाई, पाटी उलटा. पोरं घरी जाऊ द्या.' सगळं मैदान हसलं.

लेक : आणि तू लगेच लग्न केलंस.

आई : आधी भांडायला गेले होते. वर, यांच्या खोलीत. यांनी थर्मासमधला चहा ओतून दिला, मग भांडता येईना. गरम होता. …ती खोली तशीच आहे अजून. खुर्चीही ठेवलीय, मैदानाचे सेक्रेटरी म्हणालेत. पुढच्या मोसमात जातीलच हे. काय गं?

लेक : हो. ठेवलीय म्हणे.

आई : जिभेच्या बाईही म्हणाल्या ना, अर्धांगाच्या झटक्याला दहाच महिने झालेत. वेळ लागतो. रोज तीन वेळा पा-टा-का केलं की जीभ सुटते.

बाबा : चहा… आहे का?

आई : आहे. दूध आहे तोवर पिऊन घ्या. तुझा फोन वाजला बघ.

लेक : जिभेच्या बाईच आहेत. निरोप आलाय. थांब, वाचते. 'कालचं रेकॉर्डिंग ऐकलं. उच्चारांत विलक्षण सुधारणा. जोडाक्षरंही स्वच्छ.'

आई : बघा. मी म्हणत होते.

लेक : 'मात्र आवाज बराच बारीक झाला आहे. घसा एकदा दाखवून घ्यावा. तसंच पेशंटला थोडं हळू बोलायला सांगावं.'

आई : हळू?

लेक : 'ढग, वीज वगैरे विषय कुठून आले? मूड मात्र छान वाटतो.'

आई : ढग? यांच्या तोंडी?

लेक : आई. काल मी अंघोळीला गेले तेव्हा तुला दोन रेकॉर्डिंगं पाठवायला सांगितली होती. एक जिभेच्या बाईंना, बाबांचा व्यायाम. एक सिनेमाच्या संगीतवाल्याला, माझं कच्चं गाणं.

आई : पाठवली की. दोन्ही पाठवली. दोन हिरव्या खुणा आल्या.

लेक : कुणाला कुठलं?

आई : तू नावं काय दिली होतीस त्यांना? 'नवीन एक' आणि 'नवीन दोन'. अशी नावं ठेवतं का कुणी? आणि चष्मा यांच्या नाकावर होता.

बाबा : माझा… सापडत… नव्हता.

लेक : म्हणजे ज्याच्या हातात माझं सगळं आहे, त्या माणसानं काल बसून पा-टा-का ऐकलंय. दोन मिनिटं.

आई : तीन. मी यांना शेवटी अजून एकदा करायला लावलं होतं.

लेक : संपलं. व्यायामशाळा.

बाबा : ठेका… कसा… वाटला त्याला?

लेक : बाबा, हसू नका.

आई : हसू दे गं. किती दिवसांनी डाव्या गालापर्यंत आलंय बघ. …पुन्हा वाजला फोन.

लेक : तोच आहे. तूच वाच, माझ्यात हिंमत नाही.

आई : चष्मा द्या हो. हं. 'नमस्कार. हे आम्ही काल संध्याकाळपासून ऐकतो आहोत. हा आवाज कुणाचा? कुठे मिळाले हे गृहस्थ?' …मिळाले म्हणे.

लेक : वाच पुढे.

आई : '“पा”, “टा”, आणि मग थांबतात, आणि “का” उशिरा येतो. पडद्यावर लावून बघितलं. तो “का” येतो तिथे आमच्या हिरोचं पाऊल बरोबर पायरीवर पडतं. ढोल-बिल काही नको. याच ठेक्यावर लिहा. आणि शेवटी याच आवाजात दोन शब्द हवेत, काहीही चालतील. मागे एक बाई “अजून एकदा” म्हणतात, त्याही राहू द्या. वेळ चारचीच.' …बाई म्हणजे मी?

लेक : तूच.

आई : मी तर नुसती ओरडत होते.

लेक : थांब, मला बसू दे. आई, त्याला आवडलं. बाबा, त्याला तुमचा उशिरा येणारा 'का' आवडला. तोच धरून लिहायचं. म्हणजे माझी सोळा ओळींची बढाई गेली कचऱ्यात, पण हरकत नाही, दुसरं लिहीन. किती वाजले?

आई : साडेअकरा. आणि नाही.

लेक : काय नाही?

आई : नाही म्हणजे नाही. ते पाठवायचं नाही. चुकून गेलं ते गेलं. त्याला लिही, रेकॉर्डिंग चुकलं, खरं गाणं हे घ्या. ढगांचं.

लेक : आई, ढगांचं त्याला नकोय.

आई : मग चांगलं ढगांचं लिही. अगं, लोक सिनेमा बघायला जातील. मैदानावरची सगळी जातील. त्यांच्या कानात यांचा कुठला आवाज आहे माहीत आहे ना तुला? बेचाळीस सेकंद, सतरा नावं. तोच राहू दे त्यांच्या कानात. बरे झाले की हे स्वतः जाऊन बोलतील. हे मधलं, हे अर्धवट, हे का म्हणून जगाला ऐकवायचं?

लेक : कुणाला कळणार नाही. नुसता ठेका आहे.

आई : मला कळेल.

लेक : तुला माझं काहीच वाटत नाही का?

आई : वाटतं म्हणून तर फ्रिज बंद करून बसलेय. पण तुझ्या गाण्यासाठी मी यांचं हसं होऊ देणार नाही.

बाबा : पा.

आई : अहो, आत्ता नाही. बाराला करायचाय व्यायाम.

बाबा : टा. …का. …पा. टा. …का.

लेक : बाबा, तुम्हाला चालेल? खरं सांगा. माझ्यासाठी म्हणून हो म्हणू नका.

बाबा : हिरो… जिना चढतोय. …मी… रोज चढतो. …मला… येतं… ते काम.

आई : तुम्ही पण ना.

बाबा : आणि… तू आहेस… त्यात. अजून एकदा. …छान म्हणतेस.

आई : मस्का नको.

बाबा : माझ्यावर… पडदा… नको टाकू. …जाऊ दे… पोरीला.

आई : मला काय, करा. बाप-लेकीनं ठरवलंय. माझं ऐकलंय कुणी कधी? मी आपली पाटीवाली. उशीला टेकून बसा निदान. कपाटात पाय नीट घ्या, कोटाच्या खिशात काय काय आहे देव जाणे.

लेक : या, असे बसा. माइकपासून वीतभर. म्हणा.

बाबा : पा. टा. …का.

लेक : थांबा. 'पा' फुटतोय. तोंडातला वारा थेट माइकवर बसतोय, फट्ट. फोनवर नव्हतं कळलं. माझ्या आवाजाला चालतं, तुमचा 'पा' जोरात आहे. माइकवर पायमोजा ताणून बांधू का?

बाबा : टोपी.

लेक : कुठली टोपी?

बाबा : माझी. माइकची. …लाल. स्पंजची.

लेक : ती मैदानावर असेल ना, तुमच्या खोलीत.

बाबा : वरच्या फळीवर. …निळी पिशवी.

(वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढतं.)

आई : तुम्हाला कुणी सांगितलं?

बाबा : फळी… वाकलीय.

आई : हात लावलात तुम्ही तिला? स्टुलावर चढलात? एकटे? मी घरात नसताना?

बाबा : तू… भाजीला. …हळू चढलो. …दुर्बीण आहे. थर्मास. …टोपी. शिट्टी… नाही. शिट्टी… ठेवून घेतली.

आई : कधीची गोष्ट?

बाबा : दोन… महिने.

आई : दोन महिने. आणि मी रोज बघतेय, खालून ती पिशवी दिसत नाही ना. …रंगकाम काढलंय त्यांनी. मैदानावर. म्हणून सामान घरी पाठवलं. भिंती झाल्या की परत न्यायचंय.

लेक : हो. रंगकाम चालू आहे.

बाबा : रंग… काम.

लेक : आई, मला आधी फोन आला होता सेक्रेटरींचा. सामान पाठवण्याआधी.

आई : रंगकामाचा?

लेक : …हो. रंगकामाचा.

आई : मग झालं तर. काढ ती पिशवी. मला एवढा हात पोचत नाही.

लेक : ही घे. टोपी अजून मऊ आहे. वास बघ, चहाचा.

आई : द्या हो इकडे. मी बसवते. तुम्हाला एका हाताने जमायची नाही. …अशी. आता फुंका.

बाबा : पा.

लेक : अगदी स्वच्छ. चला. आई, तूही ये आत. 'अजून एकदा' ताजं घेऊ.

आई : एवढ्या जागेत तिघं? अगं, माझं नाक कोटाच्या बाहीत चाललंय.

लेक : आवाज छान येतो तसा. घ्या.

बाबा : पा. टा. …का. पा. टा. …का. पा… टा. …का.

आई : अजून एकदा.

लेक : आई, फोनमध्ये ओरडत होतीस तसं. आत्ता तू लग्नात नाव घेतल्यासारखं म्हणालीस.

आई : अजून एकदा.

लेक : हं. मिळालं. आता मला तास-दोन तास द्या. तुम्ही पडा. हा ठेका मी कानात घालून बसते.

आई : जेवायचं?

लेक : नंतर.

आई : मग दूध तरी पी. आहे अजून चांगलं.

लेक : बाबा, जागे आहात? ऐका. दोन वाजलेत, पण आलंय काहीतरी. 'पहिल्या मजल्यावर दम, दुसऱ्यावर घाम, तिसऱ्यावर विसरलो माझं नाव, गाव, काम. कठडा म्हणाला, धर. पायरी म्हणाली, थांब. घर तेवढंच उंच आहे, वाट झाली लांब.'

आई : …हे तू लिहिलंस?

लेक : का?

आई : नाही. वेणीबिणी नाही कुठे, म्हणून विचारलं.

बाबा : पुन्हा.

लेक : 'पहिल्या मजल्यावर दम, दुसऱ्यावर घाम…'

बाबा : घाई. …'थांब' नंतर… थांब.

लेक : थांबले ना.

बाबा : नाही. श्वास… चोरलास. वळणावर.

लेक : तुम्हीच सकाळी शिकवलंत की चोरायचा.

बाबा : तो… सायकलीवर होता. …हा जिन्यात आहे. …ऐकू दे… श्वास. लपवू नको.

लेक : रॅपमध्ये श्वास ऐकू आला तर लोक म्हणतात, हिला येत नाही.

बाबा : म्हणू दे. …दमलाय… तो. दमलेला… दिसू दे.

आई : हेच मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

लेक : काय म्हणालीस?

आई : काही नाही. म्हण तू.

लेक : 'कठडा म्हणाला, धर. पायरी म्हणाली, थांब.' …हं… 'घर तेवढंच उंच आहे, वाट झाली लांब.'

बाबा : हां.

लेक : हां म्हणजे चांगलं?

आई : 'हां' म्हणजे फार चांगलं. यांनी लग्नालाही 'हां'च म्हटलं होतं.

लेक : दुसरं कडवं ऐका. 'पाठीवरचा लाल रंग धुण्यामध्ये गेला, कालचा तो उडणारा आज चालत घरी आला. खाली कुणी बघत नाही, बरंच झालं मला, चार वेळा बसलो तरी कोण मोजायला.'

आई : पडदा माझा आहे तो.

लेक : हो, तुझाच. तुझं नाव घालते.

आई : नको. पडद्याचं घाल.

लेक : चला, टेक. दोघं गप्प. बाबा, माझ्यानंतर तुमचे दोन शब्द. काय म्हणणार आहात?

बाबा : बघू. …तिथे गेल्यावर.

लेक : आयुष्यभर असंच केलंत. चालू करतेय.

आई : झालं? हलू का?

लेक : अजून नाही, आई. बाबा, आता तुम्ही. बोला.

बाबा : पहिला… आला. …हार झाला. …लोक… उठले. …एक जण… अजून जिन्यात आहे. …माइक… चालू आहे.

आई : अगं, बंद कर की ते. रडतेस काय? रेकॉर्डमध्ये येईल.

लेक : येऊ दे. नाही, कापते. बाबा, हेच. याच्यापुढे काही नको. आई, किती वाजले?

आई : तीन वाजून पस्तीस. आता कुठलं बटण? मी दाबते. चष्मा आहे या खेपेला.

लेक : 'जिना' नाव दिलंय त्याला. एकच फाइल आहे. चुकणार नाहीस.

आई : 'जिना'. पाठवलं. दोन हिरव्या खुणा. …फ्रिज चालू करते आता. बिचारा.

बाबा : दूध?

आई : वाचलं. चहा टाकते. थर्मासमध्येच ओतू? आणलाच आहे खाली तर.

बाबा : ओत.

लेक : आई, वाजला. त्याचाच आहे.

आई : एवढ्यात? अजून चारही नाही झाले. वाच गं. वाच.

लेक : 'घेतलं. बाकी दोघांना कळवलं. सातव्या मजल्यावर तो दार उघडतो, तिथे तुमच्या वडिलांचं “माइक चालू आहे” येतं. आमच्याकडे सगळ्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. नावं काय घालायची ते कळवा. तिघांची.'

आई : तिघांची?

लेक : टकळी. आणि तुम्ही दोघं.

आई : माझं पूर्ण घाल मग. वडिलांच्या नावासकट. …अहो, ऐकलंत? सिनेमात नाव. आता पुढच्या मोसमात मैदानावर गेलात की माइकवरून सांगाच सगळ्यांना. पहिल्याच शर्यतीला. तोवर रंगकामही झालेलं असेल. मी सेक्रेटरींना सांगून ठेवते, खुर्चीवर नवी गादी…

बाबा : अगं.

आई : नाही, जुनी फाटलीय ती. आणि जिभेच्या बाईंना विचारू, दिवसाला तीनच्या जागी चार वेळा केलं तर…

बाबा : ये. …बैस… इथे. चहा… घे. गरम आहे.

आई : बसले. काय?

बाबा : रंगकाम… नाही. …खुर्चीवर… दुसरा बसला. …मी आता… परत… जाणार नाही.

लेक : बाबा…

बाबा : बरं… चाललंय माझं. …पाटीवाल्या बाई. …पाटी… उलटा.